अश्वगंधा आणि कर्करोग: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘अश्वगंधाने कर्करोग बरा होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, केमोची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

संशोधन झालंय, हे खरं. अश्वगंधातलं विथाफेरिन-ए हे द्रव्य 1960च्या दशकातच वेगळं काढलं गेलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, उंदरांमधल्या गाठींची वाढही मंदावते. पण बशीत ते थेट पेशींवर ओततात. गोळी गिळल्यावर ते आधी आतड्यातून, मग यकृतातून जातं आणि गाठीपर्यंत पुरेसं पोहोचेलच असं नाही. शिवाय ते पानांत जास्त असतं. आपण घेतो ते बहुधा मुळांचं चूर्ण. अश्वगंधाने माणसाचा कर्करोग बरा झाल्याचं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

ताण आणि झोपेसाठी मात्र माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत काहीसा फायदा दिसलाय, तोही साधारण दोन-तीन महिन्यांपुरता. दुसरीकडे, अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झाल्याच्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी 2020मध्ये आइसलँड व अमेरिकेतून प्रसिद्ध झाल्या. थायरॉइडचं औषध चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

उपचार थांबले तर आजार वाढतो, म्हणून कळकळीची विनंती: तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.