व्हिएन्नात बसून कोंकणीचा वाद

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच गुऱ्हाळ सुरू झालंय: कोंकणी ही मराठीची बोली, की स्वतंत्र भाषा? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून बोलीवाल्यांना जास्तच चेव आलाय. पुरावा म्हणून ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड तोंडावर फेकतात. त्यात कोंकणी मराठीखाली घातलीय, हे खरंच. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सु. मं. कत्र्यांनी 1942 साली कोंकणीच्या जडणघडणीवर लिहिलेला, तिला स्वतंत्र भाषा मानणारा ग्रंथ या मंडळींना कधीच सापडत नाही.

आणि 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, तेव्हा हेच लोक काय म्हणत होते? 2011 च्या जनगणनेत पाच कोटी भोजपुरी बोलणारे हिंदीच्या खात्यात घातले, ही लबाडी आहे. लबाडी आहेच! मग आपण कोंकणीवाल्यांना आपल्या खात्यात ओढतो ते काय?

इथे व्हिएन्नात ब्रुनेनमार्क्टच्या बाजारात शनिवारी भाजी घ्यायला जातो. दुकानदार बोस्नियाचा, पुढची गिऱ्हाईक बाई सर्बियातल्या बेलग्रेडची. टोमॅटोच्या भावावरून दोघांची यथेच्छ हुज्जत चालते, दुभाषा लागत नाही. तिकडे विद्यापीठात मात्र त्याच बोलण्याला बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशी तीन नावं, मध्ये तिरक्या रेघा. 1850 साली सर्ब आणि क्रोएट विद्वानांनी एकाच साहित्यभाषेच्या करारावर सह्या केल्या त्या याच शहरात. पुढे युगोस्लाव्हिया फुटला तशी व्याकरणंही वेगळी झाली. त्याच्या कितीतरी आधी, मार्च 1967 मध्ये, क्रोएशियातल्या झाग्रेबच्या लेखक-अभ्यासकांनी क्रोएशियनला स्वतंत्र नाव मागितलं. त्या मागणीच्या दोनच महिने आधी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला होता. दोन्हीकडे विद्वान होते आणि आपापल्या झेंड्याखालीच उभे होते.

भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी अध्यक्ष असताना साहित्य अकादमीने 1975 साली कोंकणीला स्वतंत्र मानलं तेव्हा आपल्याकडे ओरड झाली, हे राजकारण आहे म्हणून. असेल. पण ग्रियर्सनचा खंड तरी काय आभाळातून पडला होता? तोही साहेबाच्या सरकारी कारभाराचाच भाग. कोंकणीवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 1987 च्या राजभाषा कायद्यात त्यांनी देवनागरी तेवढी धरली आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांना दाराबाहेर ठेवलं.

मी वेंगुर्ल्याचा. आई घरात मालवणी बोलायची. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘खंय चल्लंस?’ गिळायला शिकलो, कारण पोरं हसायची. हसणाऱ्यांतले दोघे आज ग्रुपवर ‘मालवणी आपली, कोंकणीही आपलीच’ म्हणून छाती काढतात. इथे मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात मी मराठीच लिहिली. मुलगी आजीशी जर्मनमध्ये बोलते, आजी मालवणीत उत्तर देते, आणि मध्ये पुणेरी भाषांतर करत मी बसतो.

हे ग्रुपवर टाकलं तर उत्तर ठरलेलंय: तू तिकडे बसून शहाणपण शिकवू नकोस. शिकवणार. इतक्या लांबून निदान हिशेब तरी नीट दिसतो. तरीही गोव्यातला कुणी ‘मराठी आमची नव्हे’ म्हणाला की माझ्याही पोटात कालवतं, आणि त्या क्षणी कत्रे, चटर्जी, सगळं भाषाशास्त्र गेलं खड्ड्यात!