जुनी टूरिंग गाडी आणि ‘चालतेय ना, मग राहू दे’

वीस-पंचवीस वर्षं जुन्या टूरिंग (लांबच्या प्रवासाच्या) मोटारसायकलींच्या मालकांसाठी एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं सार एका ओळीचं आहे: जुनी गाडी चालतेय तोवर तिला हात लावू नका. खाली एकेक सूचना दिल्यात. बॅटरी सारखी उतरत असेल तर नवी टाका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवा. तापत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाका. ब्रेक ऑइल कमी झालं तरच भरा. टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, वाजत नाहीत तोवर उघडू नका. शाफ्टच्या (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणाऱ्या) गाडीला मागे काहीच करावं लागत नाही. आणि टायरला नक्षी आहे तोवर टायर चांगला.

वाचायला सोपं आणि खर्च वाचवणारं असल्यामुळे लोक लगेच पुढे पाठवतात. मी अशीच एक जुनी, चार सिलिंडरची, शाफ्टची गाडी बरीच वर्षं सांभाळतोय. यातल्या काही सूचना मीही पाळल्या होत्या, आणि म्हणूनच हे लिहितोय.

आधी त्यात खरं काय आहे ते मान्य करतो. उगाच खोलाखोल केल्याने जुन्या गाड्या बिघडतात. अॅल्युमिनियममधले आटे जातात, गंजलेल्या स्क्रूची डोकी गुळगुळीत होतात, वायरी जोडणारे, ठिसूळ झालेले प्लॅस्टिकचे कपलर हातात तुटून येतात. पण खोलू नका म्हणणं वेगळं आणि बघूच नका म्हणणं वेगळं. गाडी चालतेय एवढ्यावरून ती धडधाकट आहे असं ठरत नाही, कारण तिच्यातले कितीतरी भाग शेवटच्या मिनिटापर्यंत कुठलीही खूण न दाखवता काम करत राहतात. होंडाच्या गोल्ड विंगचंच घ्या. पहिल्या जीएल १००० पासून जीएल १५०० पर्यंतच्या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट होते. २००१ च्या जीएल १८०० पासून तिथे चेन आली. हा बेल्ट तुटण्याआधी वाजत नाही की पिकअप कमी होत नाही. तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. गाडी वर्षाला हजार किलोमीटर चालली तरी रबराचं वय थांबत नाही. अशा गाडीचा मागचा इतिहास माहीत नसेल तर बेल्ट आधी बदलायचे आणि मग गाडी लांब न्यायची, यात मला तडजोड दिसत नाही.

आता बॅटरी. या सूचनेने सगळ्यात जास्त लोकांना फसवलंय, म्हणून जरा सविस्तर. माझ्या गाडीला दीड वर्षात दोन बॅटऱ्या लागल्या. पहिली बदलली तेव्हा आठ महिने छान गेले, म्हणून दोष बॅटरीचाच होता अशी खात्री पटली. दुसरी गेली तेव्हा संध्याकाळची वेळ होती. हेडलाइट पिवळट झाला, इंडिकेटर सावकाश मिचकायला लागले, आणि रेस वाढवली तरी उजेड वाढेना. ही शेवटची खूण महत्त्वाची होती. घरी आल्यावर डावीकडचं साइड पॅनल काढलं. स्टेटरकडून (इंजिनावरच्या, वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांकडून) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर मधोमध तपकिरी होऊन वितळला होता. एका वायरचं आवरण इतकं कडक झालं होतं की बोटाने वाकवताच तडकलं, आत तांबं काळं पडलेलं. दोन्ही बॅटऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांना पुरेसं चार्जिंग कधी मिळालंच नव्हतं.

असं का होतं याचा हिशेब साधा आहे. कपलरच्या पिनेवर गंज चढला, पकड सैल झाली, आणि तिथे समजा ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला. त्यातून २० अँपिअर गेले तर त्या एका पिनेवर ४० वॉट उष्णता निघते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण तेवढ्याच वॉटची असते. त्यात टूरिंगवाल्यांची हौस म्हणजे जादा दिवे. ५५ वॉटचे दोन दिवे लावले की आणखी आठेक अँपिअरचा भार.

बॅटरी विकत घेण्याआधी साधा मल्टीमीटर हातात घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर, इंजिन बंद असताना, भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसायला हवं. सेल्फ मारताना आकडा १० च्या फार खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. मग इंजिन चालू करून पाच हजार आरपीएमच्या आसपास न्या. बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. १२ च्या घरातच अडकलं तर चार्जिंग होत नाहीय. १५ च्या वर गेलं तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो नवी बॅटरीही शिजवून टाकेल.

चार्जिंग होत नसेल तर तीन वायरींचा कपलर सोडवा, मीटर एसीवर ठेवा, आणि इंजिन चालू ठेवून स्टेटरकडच्या वायरींच्या तिन्ही जोड्या तपासा. तिन्हींवर जवळजवळ सारखे व्होल्ट हवेत आणि रेसबरोबर ते वाढायला हवेत. एक जोडी मागे पडली तर स्टेटर गेला. नंतर इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनाचं धातू यांच्यात कंटिन्युइटी (वीज आरपार जातेय का) बघा. ती अजिबात नको. हे सगळं ठीक निघालं तर मग रेग्युलेटर-रेक्टिफायर (तोच रेग्युलेटर, एसीचं डीसीही करणारा) आणि त्याचं अर्थिंग तपासा. हा क्रम पाळणं का गरजेचं आहे ते जीएल १२०० वाल्यांना विचारा. त्या गाडीचा स्टेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला बसतो आणि तो काढायला आख्खं इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. दोष कपलरमध्ये असताना इंजिन उतरवण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याबद्दल. यामागची माया मला कळते, पण गाडीचं त्यात नुकसानच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ते वाफ होऊन बाहेर जातं. जागेवरच्या दहा मिनिटांत तेवढं तापमान येत नाही, मग ते सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसच्या ऑइलमध्ये साठतं. सेल्फने खाल्लेली वीजही आयडलिंगवर धड भरून येत नाही. एकतर गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर नीट झोपवा: पत्र्याची टाकी काठोकाठ भरा, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलमधलं (तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काढून टाका, बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा. बोलमध्ये पेट्रोल सुकलं की त्याचा चिकट थर पायलट जेटमध्ये (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीत) बसतो, आणि त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. गाडी चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते, ती बहुतेकदा याच कारणाने.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मला सगळ्यात चुकीचा वाटतो. तो काढला की थंडीत आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसं तापत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि गर्दीत तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. ते कारण शोधा. वेगात ठीक आणि सिग्नलला तापते, म्हणजे पंखा किंवा पंख्याचा स्विच. वेगातही तापते, म्हणजे रेडिएटर चोंदलाय, पंप किंवा थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर कूलंट कमी आहे. कूलंट फिरवणाऱ्या या पंपाच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडत असेल किंवा पापुद्रा जमला असेल तर आतलं सील गेलंय. रेडिएटरचं झाकणही विसरू नका. १.१ बारचा दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, पण झाकणाचं रबर कडक झालं की हा फायदा जातो आणि कूलंट आधीच उकळून बाहेर पडतं. (इंजिन गरम असताना हे झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी.) थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून भांड्यातल्या पाण्यात तापवा, साधारण ८० अंशांना उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा बसवा.

ब्रेकचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. पातळी भरलेली दिसली तरी शोषणं चालूच असतं. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान १५५ वर येतो. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि लांब उतार. अशा वेळी कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे भाग) किती तापतात ते उतारावरून आल्यावर डिस्कजवळ नुसता हात नेला तरी कळतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर सरळ हॅन्डलला टेकतो. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, पातळी कशीही असो. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.

जुन्या ऑइलचा दुसरा त्रास मला स्वतःला झाला. गाडी जड वाटायला लागली, ढकलताना पुढचं चाक सुटेना. मला वाटलं कॅलिपरचे पिस्टन गंजले. ते खोलण्याआधी एका जाणत्या मेकॅनिकने कॅलिपरचा ब्लीड स्क्रू (ऑइल-हवा बाहेर काढायचा) किंचित सैल करायला लावला. दोन-चार थेंब उडाले आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पिस्टन ठीक होते, दाब वर कोंडला होता. स्क्रू घट्ट करून ब्रेक पुन्हा दाबला, चाक पुन्हा धरलं. आता मास्टर सिलिंडरवरचं (लिव्हरजवळचा, दाब तयार करणारा भाग) नळीचं जोड सैल केलं, पुन्हा मोकळं. दोष मास्टर सिलिंडरमध्ये होता. ऑइल परत येण्याचं सुईएवढं भोक गाळाने बुजलं होतं. वरून सैल करूनही चाक सुटलं नसतं तर दोष नळीचा, कारण जुनी रबरी नळी आतून फुगली की ऑइल खाली जाऊ देते पण परत येऊ देत नाही. ज्या गाड्यांचा क्लचही हायड्रॉलिक आहे त्यांनी ते ऑइलही याच वेळी बदलावं.

टॅपेटबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं आवाज नाही म्हणजे सेटिंग बरोबर. शिम (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणाऱ्या चकत्या) असलेल्या इंजिनांत बऱ्याचदा उलटं घडतं. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो आणि गॅप कमी होत जातो, म्हणजे आवाजही कमी होत जातो. गॅप संपला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि त्याची कड जळते. थंड इंजिनावर फिलर गेज घालून आकडे वहीत लिहून ठेवा. दोन वेळच्या आकड्यांतला फरक बघितला की व्हॉल्व्ह कुठे चाललाय ते कळतं.

टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, नक्षी कितीही शिल्लक असो, त्यावर बसू नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा, दहा वर्षांपुढे जाऊ नका. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर धरत नाही.

उरला शाफ्ट. चेनसारखं रोज तेल-पाणी लागत नाही, हे खरं. पण मागचं चाक शाफ्टशी ज्या दातांनी जोडलेलं असतं, त्या स्प्लाइनला वंगण लागतं, आणि ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही. टायर बदलताना कारागीर चाक काढतो, टायर बसवतो, चाक परत लावतो. तिथे बोट फिरवायला त्याला कुणी सांगत नाही. मी गाडी घेतली तेव्हा मीही सांगितलं नव्हतं. पुढे कधीतरी रेस सोडताना आणि धरताना मागून ‘टक’ असा आवाज यायला लागला. चाक काढलं तर आतून लालसर कोरडी पूड सांडली. चाकाकडच्या दातांचे माथे सपाट असायला हवे होते, ते करवतीसारखे टोकदार झाले होते. एका बाजूने नख लावलं तर धार लागत होती. तो भाग बदलावा लागला.

तेव्हापासून मागचं चाक निघालं की आधी जुनं वंगण पुसून दात स्वच्छ करतो, उजेडात धरून माथ्याची रुंदी बघतो, आणि मोलिब्डेनम डायसल्फाइड भरपूर असलेली पेस्ट ब्रशने दातांच्या मुळापर्यंत लावतो. साधं ग्रीस तिथे टिकत नाही. त्याच बैठकीत फायनल ड्राइव्हचं (शाफ्टच्या टोकाच्या गिअरपेटीचं) जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल बदलतो. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी चिखलासारखी बारीक पूड नेहमीची आहे. बोटांत घेऊन चोळल्यावर कण टोचले किंवा चकचकीत पापुद्रा सापडला, तर बेअरिंग बघितल्याशिवाय मी त्या गाडीवर सामान बांधत नाही.