‘विषमता आता फक्त भाषणात उरली’ हे खरं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला पाच जणांनी पाठवला. त्यातले तिघे ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्याच सोसायटीतले. संदेश थोडक्यात असा: ‘देश बदलला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. शिक्षण फुकट आहे. मागे राहिला तो स्वतःच्या आळसाने. बाबासाहेबांचं स्वप्न पूर्ण झालं. शहरात तर जात कुणी विचारतही नाही. विषमता आता फक्त भाषणात उरली आहे.’

देश बदलला, हे मला मान्यच आहे. 1951 मध्ये शंभरात 18 जण साक्षर होते, 2011 मध्ये 74. माझी आजी कागदावर अंगठा उठवायची, तिची नात बँकेत अधिकारी आहे. हे कुणी कमी लेखलं तर मी त्याच्याशीही वाद घालीन. पण संदेशातलं बाकीचं एकेक तपासून बघू.

मोबाइलचं लवकर उरकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात 54 टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष 57 टक्के, बायका 33. घरात फोन असला म्हणून तो बाईच्या हातात असतोच असं नाही.

शिक्षण फुकट आहे, तर कुठल्या शाळेत? शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर हे बंधन नाही. ठाण्यासारख्या शहरात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. लोकांना कोर्टात जावं लागलं, आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मिळालेला हक्क टिकवायलाही भांडावं लागतं, तिथे मागे राहिलेल्याला आळशी म्हणायचं?

या ‘आळसा’नेच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आपल्याच ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. भातसा आणि तानसा ही धरणं तिथली. तानसाचं पाणी मुंबईला 1892 पासून जातंय. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा, आणि ठाणे महापालिकेची स्वतःची योजनाही भातसा नदीवरच आहे. त्याच शहापुरात दर उन्हाळ्यात गावपाड्यांवर टँकर लागतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही तिथली रोजची गोष्ट आहे. टँकर यायच्या वेळी हंडे लावून उभ्या राहणाऱ्या बाईची अर्धी सकाळ पाण्यातच जाते, मग मजुरी बुडते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबरच असतात, त्यामुळे शाळेचं वर्ष भट्टीवर संपतं. भल्या पहाटे उठून माती तुडवणाऱ्या माणसाला आळशी ठरवणारा संदेश आपण चहा पिता पिता पुढे ढकलतो. त्या चहातलं पाणी कुठून आलं, एवढं तरी आठवावं.

बाबासाहेबांचं नाव घेतलंय, तर त्यांचं म्हणणंही ऐकू. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत ते म्हणाले होते की, 26 जानेवारी 1950 ला आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकरात लवकर दूर करा, असं त्यांनी बजावलं होतं. ते काम झालं, असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

आणि शहरात जात विचारत नाहीत? भाड्याने घर शोधताना आडनाव विचारतात, ते कशासाठी? आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या ताईंनी मोठी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी आहे. पण खरं उत्तर जमिनीखाली आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने संसदेत आकडे दिले. हाताने मैला साफ करणाऱ्या ज्या 43,797 जणांच्या जातीची नोंद होती, त्यात 42,594 अनुसूचित जातींचे होते. म्हणजे शंभरात 97. हे काम जात विचारूनच वाटलं गेलंय.

हे दूरचं वाटत असेल तर मे 2019 आठवा. ठाण्यातल्याच ढोकाळीत एका सोसायटीच्या मैलापाणी टाकीत साफसफाईला उतरलेले तीन कामगार मरण पावले. सुरक्षेच्या साधनांशिवाय असा माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात जीव गेल्यास भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

आमच्या टाकीत शेवटचं कोण उतरलं होतं, हे मी कमिटीला विचारलं. उत्तर मिळालं, ‘काँट्रॅक्टरची माणसं.’ नावं रजिस्टरमध्ये नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी दोन विषय लेखी दिले आहेत: टाकी यंत्रानेच साफ व्हावी आणि लिफ्टजवळची पाटी काढावी. संदेश पाठवणाऱ्या तिघांनाही मी सभेला यायला सांगितलं आहे.