‘मोनो विसरा’ म्हणणाऱ्यांनो, गायक कुठे गेला?

भाच्याने घरीच गाणं रेकॉर्ड केलं, स्वतःच मिक्स केलं (वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक गाणं केलं) आणि सगळ्यांत आधी आजीला पाठवलं. आजी म्हणजे माझी आई. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. म्हणून तिच्या फोनमध्ये मी मोनो ऑडिओचं, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून देणारं, सेटिंग चालू करून ठेवलंय आणि ती उजव्या कानात एकच इअरफोन घालून ऐकते. गाणं संपल्यावर तिने भाच्याला फोन केला, ‘‘अरे, वाजवलंयस छान, पण तू गायलायस कुठे?’’

भाच्याचं निदान तयार होतं : आजीचा फोन बिघडलाय. मी विचारलं, लीड व्होकलवर, म्हणजे मुख्य गायकाच्या आवाजावर, काय केलंयस? उत्तरादाखल त्याने एक पोस्ट पाठवली. ‘मोनो विसरा : घरच्या स्टुडिओची सात सत्यं’. गेल्या काही दिवसांत हीच पोस्ट मला आणखी तिघांनी पाठवली आहे, वर प्रत्येकाचं ‘हे वाच, डोळे उघडतील’ आहेच. वाचली. डोळे उघडेच होते, आता डोकंही तापलंय.

क्रमाने जात नाही. तिसऱ्या सत्यापासून सुरुवात करतो, कारण आमचा गायक तिथेच पुरलेला आहे.

तिसरं सत्य असं : ‘लीड व्होकल भव्य करायचा असेल तर ट्रॅकची कॉपी करा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे टाका आणि एकाची फेज उलटी करा. आवाज स्पीकरच्या बाहेर येतो. मोठ्या स्टुडिओंची ही गुप्त युक्ती.’

मोनो म्हणजे डाव्या आणि उजव्या चॅनलची बेरीज, बाकी काही नाही. डावीकडे तरंग वर जातो त्या क्षणी उजवीकडे तोच तरंग तेवढाच खाली जात असेल, तर बेरीज किती? पाच अधिक उणे पाच. हे सांगायला ध्वनिशास्त्र लागत नाही, तिसरीतलं गणित पुरतं. आईच्या फोनने ते इमानदारीने केलं. गंमत म्हणजे भाच्याने रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी घुमक, एकाच ट्रॅकवरून पाठवला होता, त्यामुळे रिव्हर्ब तेवढा वाचला. म्हणजे गायक नाही, पण तो ज्या खोलीत गातोय ती खोली मात्र ऐकू येते. भुताचं गाणं. (आणि जाता जाता : हे उलटं करायच्या त्या Ø बटणाने फेज (तरंगाची वेळेतली जागा) नाही, पोलॅरिटी (तरंगाचं वर-खाली) उलटते. सगळेच फेज म्हणतात, मीही म्हणतो, पण ‘सत्य’ सांगायला बसलेल्याने तरी नीट म्हणावं.)

कराओके बनवणारे लोक गाण्यातून गायक काढायला काय करतात? एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिळवतात. मधोमध असलेलं सगळं उडतं, आणि गायक बहुतेक वेळा मधोमध असतो. या पोस्टने तीच कृती मिक्सच्या आत आधीच करून ठेवायला सांगितली आहे. फरक इतकाच, की कराओकेवाल्याला गायक नकोच असतो.

‘आवाज स्पीकरच्या बाहेर येतो’ हे मात्र खरं आहे. दोन कानांना परस्परविरोधी खबर मिळते, मेंदूला आवाजाची जागा ठरवता येत नाही, आणि अनेकांना कानांत दडा बसल्यासारखं होतं. याला भव्यता म्हणायचं असेल तर चक्कर येण्याला नृत्य म्हणायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, एका आजीच्या फोनसाठी एवढा त्रागा कशाला? तर एफएम स्टीरिओ कसा चालतो ते बघा. १९६१ साली अमेरिकेत मंजूर झालेली आणि पुढे जगभर पसरलेली ती पद्धत डावं आणि उजवं अशा दोन सरळ वाहिन्या पाठवतच नाही. मुख्य जागेवर असते बेरीज, डावं अधिक उजवं. वजाबाकी, म्हणजे डावं उणे उजवं, ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (सोबतच्या दुसऱ्या लहरीवर) वेगळी बसवलेली असते आणि रिसीव्हरला खूण म्हणून सोबत १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन असतो. घरातल्या जुन्या मोनो रेडिओने बेरीज उचलायची आणि बाकीच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. स्टीरिओ रेडिओ बेरीज आणि वजाबाकी दोन्ही घेतो आणि त्यांतून डावं-उजवं परत काढतो. सिग्नल अशक्त झाला की खरखर आधी वजाबाकीत शिरते, म्हणून गाडीतले रिसीव्हर अशा वेळी वजाबाकी कमी करत मोनोकडे सरकतात. भाच्याचा अख्खा लीड वजाबाकीत बसलेला. सिग्नल पडला की गायक गाडीतून उतरला.

ज्यांनी स्टीरिओ घराघरांत पोचवला त्यांनीच बेरीज मुख्य आणि वजाबाकी वरची, असा हिशेब ठेवला होता. ‘मोनो विसरा’वाल्यांनी स्टीरिओच नीट पाहिलेला नाही.

त्याच सत्याच्या शेपटीला आणखी एक सल्ला आहे : ‘फेजची भीती वाटत असेल तर हास इफेक्ट वापरा, एका बाजूची कॉपी १० मिलिसेकंद उशिरा सोडा.’ हेल्मुट हास यांचा १९४९ चा प्रबंध हा बोलण्याबद्दल होता. एकच प्रतिध्वनी मागून आला तर बोलणं ऐकताना त्याचा त्रास कधी होतो, हे ते तपासत होते. सुमारे ५ ते ३० मिलिसेकंदांच्या उशिराने येणारा दुसरा आवाज १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, असं त्यांना दिसलं; हाच तो हास इफेक्ट. तिथे दोन आवाज दोन स्पीकरमधून, हवेतून, ऐकणाऱ्यापर्यंत येत होते. ते एकाच तारेत मिसळले तर काय होईल, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आपला तोच आहे. १० मिलिसेकंदांचा फरक असलेल्या दोन सारख्या कॉपी मिसळल्या की ५० हर्ट्झवर खड्डा पडतो, मग १५०, २५०, ३५०, असा दर १०० हर्ट्झवर, थेट वरपर्यंत. आलेखावर कंगव्याचे दात दिसतात, म्हणून त्याचं नाव कोम्ब फिल्टर. कानाला ऐकू येतो तो रिकाम्या पिंपात तोंड घालून गाणारा माणूस.

रुंदी हवीच असेल तर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे : परत गा. खरोखर दुसरा टेक घ्या. माणूस तीच ओळ दोनदा अगदी तशीच गाऊ शकत नाही. सूर, वेळ, श्वास सगळं किंचित हलतं. त्यामुळे ते दोन टेक दोन बाजूंना टाकले की रुंद वाटतात, आणि मिसळले तरी एकमेकांना खात नाहीत. गिटारचंही तेच. कॉपी-पेस्टने रुंदी येत नाही, मेहनतीने येते, आणि नेमकी तीच टाळायची म्हणून अशा पोस्टी इतक्या फिरतात.

पहिलं सत्य : ‘आता सगळे हेडफोनवर, म्हणजे स्टीरिओतच ऐकतात.’ सगळे? टेबलावरचा एकटा ब्लूटूथ स्पीकर, एकच स्पीकर असलेले फोन, मोनोवर चालणाऱ्या सभागृहातल्या यंत्रणा, दोन्ही बाजूंचा बेस एकत्र करून एकाच सबवूफरला देणाऱ्या सिस्टिम, हे सगळे कोण? आणि दोन उत्तम स्पीकर असले तरी ऐकणारा शेजारच्या खोलीत गेला की त्याच्यासाठी डावं-उजवं संपलंच. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत मोनोचं सेटिंग दिलेलं आहे ते एका कानाने ऐकणाऱ्यांसाठीच. माझ्या आईला ‘सगळे’मध्ये धरायचं नसेल तर तसं लिहा तरी.

दुसरं सत्य म्हणतं की मोनोत मिक्स केलं की गाणं सपाट होतं. इथे नाइलाजाने अर्धं मान्य करतो. अख्खं मिक्स मोनोत करा, पॅनिंगही (कोणता आवाज डावीकडे-उजवीकडे कुठे बसवायचा तेही) मोनोतच ठरवा, असं सांगणारे गुरू आहेत, आणि तेही तितकेच अघोरी. पॅन आणि रिव्हर्बचा खोलपणा स्टीरिओतच जोखावा लागतो. शिवाय दोन बाजूंना टाकलेल्या वेगवेगळ्या टेकच्या गिटारी बेरजेत मधल्या गायकापेक्षा साधारण ३ डेसिबलने मागे पडतात; ते गणितच आहे, त्यावर रडत बसू नये. पण मोनोचं बटण दाबायचं आणि सोडायचं असतं, तिथे मुक्काम करायचा नसतो. दाबायचं कारण असं : स्टीरिओत गिटार डावीकडे सरकवली की गायक मोकळा झाल्यासारखा वाटतो. भांडण मिटलेलं नसतं, भांडणारे फक्त दूर बसवलेले असतात. मोनोत ते पुन्हा एका बाकावर येतात आणि कळतं की दोघंही कंप्रतेच्या त्याच पट्ट्यात ओरडतायत. तिथे ईक्यूने (एकेक पट्टा वेगळा वर-खाली करायच्या साधनाने) गिटारचा तो भाग थोडा उतरवा, लेव्हल ठरवा, मग बटण सोडा. त्यानंतर स्टीरिओ नुसता उघडतो. आवाज बारीक ठेवून हे केलं तर आणखी लवकर कळतं.

चौथं : ‘कोरिलेशन मीटर शून्याच्या वर असला की झालं.’ भाच्याचा मीटर शून्याच्या वरच होता. हा मीटर डावं-उजवं एकमेकांशी किती जुळतं ते दाखवतो, पण अख्ख्या मिक्सचं बघतो. किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस मधोमध दणकट असले की काटा खुशीत राहतो, गायक असो वा नसो.

पाचवं : ‘मोनो ऐकायचाच असेल तर हेडफोनचा एक कान काढा.’ तो एकच चॅनल झाला हो, मोनो नव्हे. पुढे.

सहावं : ‘घरची खोलीच वाईट, तिथे मोनो तपासून काय उपयोग.’ खोली वाईट असते, कबूल. साधारण ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपास बेस एका जागी फुगतो आणि दुसऱ्या जागी गायब होतो, आणि मोनोचं बटण दाबून भिंती हलत नाहीत. पण डावं आणि उजवं एकमेकांना खातायत का, हे कळायला उत्तम खोली लागत नाही, आईच्या फोनला ते कळलं. एक मात्र करा : मोनो शक्यतो एकाच स्पीकरवर ऐका. दोन स्पीकरवर मोनो वाजवला की प्रत्येक कानाला पलीकडच्या स्पीकरचा आवाज साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे शब्द कळतात तिथेच, खळगा पडतो. तो मिक्समध्ये नसतोच, आणि तुम्ही मात्र ईक्यूने भरत बसता.

सातवं, ‘उरलेलं मास्टरिंगवाला बघून घेईल’. मास्टरिंगवाला म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणारा; त्याच्या हाती एकच स्टीरिओ फाइल येते. त्याने एक चॅनल उलटा केला तर बेरजेत गायक परत येईल, खरंय. त्याच क्षणी मधला बेस, किक आणि स्नेअर नाहीसे होतील. निवडा कोण हवं ते.

भाच्याने उलटा ट्रॅक काढून टाकलाय आणि लीड एकच, मधोमध ठेवलाय. कडव्याला दुसरा टेक घेतलाय. काल मला पाठवलं. मी एका स्पीकरवर मोनोत लावलं. गायक आलाय, पण दुसऱ्या कडव्यात गिटार त्याच्या छातीवर बसली आहे. आजीला अजून पाठवलेलं नाही.