अनलिमिटेड थाळी वसूल करण्याची घरगुती पद्धत

गुजराती-राजस्थानी अनलिमिटेड थाळीला जायचं ठरलं की तयारी आदल्या रात्रीपासून लागते. रात्री नुसतं ताक घ्या. सकाळी अर्धा कप चहा, बिस्कीट नाही. शेजारून कांदेपोह्यांचा वास आला तर खिडकी लावा. 'थोडं खाऊन निघू या, तिथे रांग असते' असं घरात कुणी म्हणालंच, तर त्याला बाजूला घेऊन हिशेब समजावा. माणशी 550 रुपये, वर 5 टक्के जीएसटी, चौघांचे 2,310. एवढे पैसे मोजून भूक लागेल तेवढंच खायचं असेल, तर घरी पिठलं-भात काय वाईट होता? एवढ्या पैशांत किती किलो श्रीखंड येतं, हा प्रश्न मात्र आईसमोर काढू नका. तिला उत्तर तोंडपाठ असतं.

मुलांना दहा वर्षांपर्यंत अर्धा दर असतो. आमचा भाचा गेली तीन वर्षं दहाच वर्षांचा आहे. मागच्या खेपेला काउंटरवरच्या काकांनी कौतुकाने विचारलं, 'कितवीत रे?' आणि गाढव 'सातवीत' म्हणालं. तेव्हा वय पढवताना इयत्ताही पढवा.

काउंटरवर नाव दिलं की बाकावर बसून राहू नका. आत जा, टेबलं हेरा. ज्या टेबलावर बडीशेपेची वाटी पोचली असेल, तिथल्या खुर्चीमागे जाऊन उभे राहा आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघा. जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहू नये, असं आजी सांगायची. आजीला रविवारी दुपारी दीड वाजता टेबल मिळवायचं नव्हतं.

बसलात की झारी आणि तस्त घेऊन एकजण येईल आणि तुमच्या हातावर पाणी घालेल. संकोचून बेसिनकडे उठू नका. खुर्चीमागे आता दुसरं कुणीतरी उभं आहे.

पहिल्यांदा फरसाण येतं. हा सापळा आहे, हे गावातला प्रत्येक अनुभवी माणूस तुम्हाला सांगेल: ढोकळा, खांडवी, कचोरी यांनी पोट भरायचं आणि महागाच्या भाज्या वाचवायच्या. बेसन पोटात गेल्यावर काय करतं, हे झुणका खाणाऱ्या महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. तेव्हा फरसाणाला हात लावायचा नाही. तुम्ही चार ढोकळे खाल. सगळेच खातात.

खाताना गप्प बसू नका. खांडवी आली की वाढप्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, 'ही आपली सुरळीची वडी!' पात्रा आला की 'ही आपली अळूवडी.' वेढमी आली की 'ही आपली पुरणपोळीच, फक्त तुरीच्या डाळीची.' ताकात कालवलेलं बेसन आटवून, ते नेमकं किती घट्ट झालं की ताटावर पातळ पसरायचं आणि गार व्हायच्या आत गुंडाळायचं, हे ज्याच्या हाताला कळतं त्याला सुरत काय नि सातारा काय. पण तुम्ही मात्र ही वाटणी सोडू नका. वाढपी हे दिवसातून चाळीसदा ऐकतो आणि चाळिसाव्यांदाही हसतो.

डाळ आली की नाक मुरडा. 'डाळीत गूळ? कसं खातात हे लोक?' तुम्ही पुण्याचे असाल तर हे वाक्य तुमच्या तोंडी जास्तच शोभतं. आपण आमटीत घालतो तो गूळ नव्हे, तो चवीपुरता असतो.

मग राजस्थानी बाजू. एका वाटीत काळपट, सुकलेल्या काड्यांसारखं काहीतरी असेल. ती केर-सांगरी. केर हे वाळवंटातल्या झुडपाचं आंबट-तुरट फळ. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. दोन्ही वाळवून ठेवतात, कारण त्या मुलखात बाराही महिने हिरवी भाजी मिळत नाही. खेजडीची झाडं तोडू नयेत म्हणून 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत 363 बिश्नोई माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. तुम्ही एवढं करू नका. 'हे काड्या-काड्यांचं काय आहे?' म्हणून वाटी सारा आणि पनीर मागा. पनीर तुम्हाला आठवड्यातून तीनदा मिळतं, त्यामुळे त्याची किंमत ठाऊक असते. ज्याची किंमत ठाऊक नाही ते खाऊन वसुली होत नाही.

उंधियूचंही तेच. ऊंधु म्हणजे उलटं. मडकं उलटं करून जमिनीत पुरायचं, वर विस्तव, आत सुरती पापडी, कंद, रताळी, मेथीची मुठियां. हा थंडीचा, संक्रांतीचा पदार्थ. तुम्ही मे महिन्यात जाऊन 'उंधियू का नाही?' म्हणून मॅनेजरला बोलवा.

मे महिन्यात आमरस असतो. इथे मात्र खरी लढाई आहे. पहिली वाटी तोंडाला लावताच 'हापूस नाहीये हा' असं जाहीर करा. कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं, गीरच्या केसरला 2011 मध्येच, ही गोष्ट टेबलावर कुणी काढली तर विषय बदला. हापूस नसलेल्या त्या रसाच्या आठ वाट्या प्या. सहावीनंतर चव लागत नाही, तेव्हा मोजायला सोपं जातं. आमचे एक मेहुणे प्रत्येक वाटीमागे ताटाच्या कडेला एक बडीशेपेचा दाणा ठेवतात. एकदा वाढप्याने फडक्याने कड पुसली. त्या दुपारी मेहुणे पुन्हा एकपासून सुरू झाले.

वाढपी आपसात टिचक्या वाजवून, बोटांच्या खुणांनी बोलतात. कुठल्या टेबलाला काय हवं ते न ओरडता पोचतं. तुम्ही मात्र ओरडा. 'भैया, फुलका!' फुलका तुमच्या उजव्या हाताशी, तूप लावून, आधीच पडलेला असेल. तरी ओरडा. पैसे दिलेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: शेवटी खिचडी-कढी विचारायला येतील. ताटावर दोन्ही हात आडवे धरा. मूगडाळीची मऊ खिचडी, ती काय घरी होत नाही? तिच्यासाठी कुणी 550 रुपये देतं का?

बिल आलं की सर्व्हिस चार्ज शोधा. तो सक्तीचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजरला हे वर्षांसकट ऐकवा. चार्ज निघाला की त्याच विजयी मुद्रेने टिपही न ठेवता उठा. उठताना टेबलाचा आधार घ्या.

साडेतीन वाजलेले असतील. लिफ्टकडे जायचा बोळ भटारखान्याच्या दारावरून जातो. आमच्या टेबलाचा वाढपी, डुंगरपूरकडचा पोरगा, फेटा गुडघ्यावर ठेवून पाण्याच्या उलट्या क्रेटवर बसला होता. मांडीवर स्टीलची थाळी. थाळीत खिचडीचा ढीग, मधे खड्डा करून ओतलेलं तूप, वरून कढी, बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा. फरसाण नाही, मिठाई नाही, पनीर नाही. मान खाली घालून जेवत होता. एकदा त्याने थाळी पुढे केली, आचाऱ्याने न विचारता आणखी एक डाव कढी घातली. हिंग आणि कढीलिंबाची फोडणी थेट बोळापर्यंत येत होती.

मला बघून तो अर्धवट उठला. 'जेवण झालं ना, साहेब?'

तुमच्यावर ही वेळ आली तर दाराशी रेंगाळू नका. मान डोलवा, पोटावरचा हात काढा आणि लिफ्टचं बटण दाबा.