माझ्याकडे तर चालतंय!

ओपन सोर्स प्रकल्प काढताय? अभिनंदन. कोड लिहून झाला असेल तर आता खऱ्या कामाला लागा: तो दुसऱ्या कुणाच्या मशीनवर बिल्ड होणार नाही, म्हणजे त्याचा चालता प्रोग्रॅम बनणार नाही, याची चोख व्यवस्था करा. फारसे कष्ट पडत नाहीत.

रीडमीपासून, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीपासून, सुरुवात करा. ‘आवश्यक त्या लायब्ररीज टाकून मेक चालवा’, एवढं पुरे. (लायब्ररी म्हणजे इतरांचा उसना घेतलेला कोड, मेक म्हणजे बिल्ड करणारी आज्ञा.) आवश्यक कोणत्या, ते सांगत बसू नका. हेडर (लायब्ररीत काय आहे ते सांगणारी फाइल) सापडत नाही म्हणून बिल्ड सतरा वेळा अडला की ज्याला गरज आहे तो यादी आपोआप तयार करतो. फारच आग्रह झाला तर तुम्ही जे लिनक्स वापरता, त्याच्यावरची नावं द्या आणि मोकळे व्हा.

साधी झेडलिब घ्या, डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी. डेबियन लिनक्सवर तिचं पॅकेज ‘झेडलिब१जी-डेव्ह’, फेडोरावर वर्षानुवर्षं ‘झेडलिब-डेव्हल’, अल्पाइनवर ‘झेडलिब-डेव्ह’, मॅकवर पॅकेजं बसवणाऱ्या होमब्रूवर नुसतं ‘झेडलिब’. विंडोजवर डीएलएलचं (तिथल्या लायब्ररीच्या फाइलीचं) नाव ‘झेडलिब१’ निघेल, ‘झेडलिब’ निघेल की डीबगवालं ‘झेडलिबडी’, ते ती कुणी कशी बांधली त्यावर. (डेबियनच्या नावातला तो ‘जी’ म्हणजे जीलिबसी, बहुतेक लिनक्सवरची पायाभूत सी लायब्ररी. लिबसी ५ वरून ६ वर जाताना चिकटला, तो अजून सुटलेला नाही.) इतक्या नावांतून नेमकी लायब्ररी हुडकायला पीकेजी-कॉन्फिग आणि सीमेक आहेत म्हणे. असू देत. तुम्ही मेकफाइलमध्ये (मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलीत) थेट ‘/यूएसआर/लोकल’ ठोकून द्या. इंटेल मॅकवर होमब्रू तिथेच असतं, तिथे बिल्ड होईल. ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलच्याच चिपच्या मॅकवर, ते ‘/ऑप्ट/होमब्रू’त असतं, तिथे होणार नाही. दोघेही मॅकवालेच, त्यांचं ते बघून घेतील.

तयार बायनरी (बिल्ड झालेला प्रोग्रॅम) द्यायची असेल तर सगळ्यात ताज्या लिनक्सवर बांधा. जीलिबसी जुन्या बायनरीला सांभाळून घेते, पण नव्या बायनरीपुढे जुनी जीलिबसी हात टेकते. त्यातही २.३४ किंवा तिच्या पुढची आवृत्ती बघा. २०२१ साली आलेल्या या आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नव्या आवृत्तीचा शिक्का बसला, त्यामुळे रिकामं मेनसुद्धा (काहीच न करणारा प्रोग्रॅम) जुन्या मशीनवर उठत नाही. मी स्वतः एक बायनरी अशी वाटली आहे. कौतुकाचं एकही पत्र आलं नाही. अल्पाइनवर तर बहारच. तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी, म्हणून बायनरीला हवा तो लोडरच (तिला सुरू करून देणारा प्रोग्रॅम) नाही. शेल सांगतं, ‘फाइल सापडली नाही’. माणूस फाइलींची यादी बघायला एलएस मारतो, फाइल समोर दिसते. पुन्हा चालवतो, सापडत नाही. अशा वेळी त्याला परवानग्या तपासायला सांगावं. त्यात दुपार जाते.

‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१ मिळत नाही’ (ही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची फाइल) असं कुणी कळवलं तर सिमलिंक, म्हणजे फाइलीला दुसरं नाव, सुचवा: ३ नंबरची फाइल आहेच, तिलाच १.१ म्हणायचं. आतला मजकूर जुळत नसेल तर गफलत होऊ नये म्हणूनच तो आकडा नावात घातलेला असतो, हे बोलायची गरज नाही. आता लोडरला फाइल मिळते. तो आत डोकावतो आणि ‘ओपनएसएसएल_१_१_० आवृत्ती सापडली नाही’ म्हणून बाहेर येतो. निदान एरर तरी बदलला. इश्यूत (त्या तक्रारीच्या पानावर) ‘प्रगती आहे’ असं लिहा.

एवढी कटकट नको असेल तर लायब्ररी उचलून ‘थर्ड पार्टी’ फोल्डरात टाका. दोन ओळी आपल्या सोयीने बदला, आवृत्ती कुठेही नोंदवू नका. हा उपाय मला मनापासून आवडतो, कारण याने बिल्ड खरंच सगळीकडे होतं आणि लोक तुम्हाला आशीर्वाद देतात. झेडलिबमधला २०१८ साली कळवलेला मेमरी बिघडवणारा दोष मार्च २०२२ मध्ये १.२.१२ आवृत्तीत दुरुस्त झाला. डिस्ट्रोंनी (डेबियन, फेडोरा अशा लिनक्सवाल्यांनी) आपापलं पॅकेज बदललं की त्यावर लिंक केलेले सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात सुधारतात. तुमचा सोडून. तुमच्या पोटात कुठली झेडलिब आहे, हे आता तुम्हालाही ठाऊक नाही.

विंडोजबद्दल काय लिहू? ‘पॅच (कोडमधला तयार बदल) पाठवल्यास स्वागत’ एवढं लिहा.

मात्र यात एक धोका आहे. कुणीतरी खरंच पॅच पाठवतो. चांगली सीमेक फाइल, तिन्ही सिस्टिम्सवर तपासलेली, वर नम्र टिपण. गडबडू नका. आधी आभार माना, मग विचारा, ‘ओपनबीएसडीवर बघितलंत का?’ ही चौथीच सिस्टिम. तो बिचारा बघून येईल. तोवर तुम्ही मेकफाइलमधल्या टॅबा नीट लावून घ्या, म्हणजे त्याचा बदल तुमच्या फाइलीशी जुळणार नाही, कॉन्फ्लिक्ट येईल. तो सोडवून आणला की एकाचे चार पॅच करायला सांगा. पुढे तो गप्प होतो. नव्वद दिवसांनी बॉट येऊन ते सगळं बंद करतो, तुमच्याकडे वाईटपणाही येत नाही.