‘केमॅलॉक करा आणि मोकळे व्हा’? इतकं सोपं नाही ते

रत्नागिरी-चिपळूणकडच्या एम्बेडेडवाल्यांत (छोट्या बोर्डांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत) सध्या एक सल्ला फिरतोय. नेटवर्क ड्रायव्हर कंपाइल करताना ‘फ्रेम साइज’ची वॉर्निंग (एक फंक्शन स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेत, फार मेमरी घेतंय अशी) आली तर ती कंपायलरची कटकट समजा, फारच खुपत असेल तर स्टॅकवरचा बफर केमॅलॉकने, म्हणजे कर्नलकडून वेगळी मेमरी मागून, घ्या, मेमरी काय, आता स्वस्तच आहे.

कटकट? ३२ बिट आर्मवर लिनक्स कर्नल एका थ्रेडला स्टॅक देतो ८ केबी, आणि तो वाढत नाही. ड्रायव्हरच्या एका फंक्शनने १,६०० बाइटचा ॲरे मांडला की त्याचा पाचवा हिस्सा गेला. त्याच्या आधी सिस्टिम कॉल, टीसीपी, आयपी, कधी ब्रिज, कधी व्हीलॅन असे नेटवर्कचे थर, सगळे त्याच स्टॅकवर बसलेले असतात. कंपायलर माप सांगतो एका फंक्शनचं, अख्ख्या साखळीचं नाही. म्हणजे वॉर्निंग उलट कमीच बोलते. कधी लहान फंक्शनं इनलाइन होऊन (मोठ्यात मिसळून) फ्रेम, म्हणजे त्या फंक्शनची स्टॅकवरची जागा, फुगते, कधी कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू असल्यामुळे. तेव्हा आधी नेमकं काय फुगलंय ते बघा.

केमॅलॉकचा सल्ला मात्र खरा घातक, कारण अर्धा बरोबर आहे. प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होतानाच्या फंक्शनमध्ये) किंवा ईथटूलच्या (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बघण्या-बदलण्याच्या साधनाच्या) फंक्शनमध्ये झोपायला, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबून राहायला, मुभा असते. तिथे खुशाल घ्या. डीएमएला (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हार्डवेअरला) द्यायचा बफर तर चार बाइटचा असला तरी स्टॅकवर नकोच, आणि त्याबद्दल कंपायलर चकार शब्द काढत नाही. पण पॅकेट पाठवण्याच्या फंक्शनमध्ये क्यूचं (पॅकेटांच्या रांगेचं) लॉक धरलेलं असतं, आणि ते धरून झोपायला मनाई असते. तिथे केमॅलॉकला जीएफपी_कर्नल (गरज पडली तर झोपू दे, असा पर्याय) वापरलं तर मेमरी मुबलक असेतो काही बिघडत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बोर्ड टेस्ट करा, महिनाभर छान चालेल. ऑगस्टात बोटी परतल्या, लिलावाच्या वेळी सगळे एकदम नेटवर आले, मेमरी आटली, की तेच केमॅलॉक झोपायला जातं आणि कर्नल ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ (मनाई असताना झोपलात) म्हणून बोंब ठोकतो. जीएफपी_ॲटॉमिक झोपत नाही, पण ऐन गर्दीत नल, म्हणजे ‘मेमरी नाही’ असं उत्तर, हातावर ठेवू शकतं. मग तुमच्या कोडमध्ये पॅकेट टाकून द्यायची वाट लिहिलेली हवी. ती बहुतेकांनी लिहिलेलीच नसते. बिल्डच्या वेळी दिसणारी चूक अशी लोड आल्यावरच दिसणारी होते. निदान डीबग_ॲटॉमिक_स्लीप (अशी झोप आधीच पकडणारी कर्नलची सेटिंग) चालू करून एकदा चालवा.

राहिली स्वस्त मेमरी. मुद्दा किमतीचा नाहीच. एक गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटच्या फ्रेम (इथे नेटवर्कची पॅकेटं) सेकंदाला सुमारे १४.८८ लाख येऊ शकतात. प्रत्येकीमागे एक केमॅलॉक आणि एक केफ्री (घेतलेली मेमरी परत करणं) कशाला? प्रोबमध्येच प्रत्येक ट्रान्समिट क्यूला एक बफर घेऊन ठेवा. क्यूचं लॉक आधीच हातात असतं, त्यामुळे त्या बफरसाठी वेगळं लॉक लागत नाही. ड्रायव्हरने एलएलटीएक्स (‘लॉक माझं मी बघतो’ असं सांगणारा फ्लॅग) लावून ते लॉक स्वतःच नाकारलं असेल, तर तेवढी सोय स्वतः करावी लागेल.